उपकरण जोडताच जाग्या होणाऱ्या सर्व्हिसेस

संगणकाच्या पडद्यामागे कितीतरी प्रोग्रॅम गुपचूप चालू असतात. छपाईची रांग सांभाळणारा एक, ब्लूटूथकडे पाहणारा दुसरा, मोडेमशी बोलणारा तिसरा. यांना सर्व्हिस म्हणतात. यांतल्या बऱ्याच सर्व्हिसेसना एखादे उपकरण जोडलेले असेल तरच काम असते. प्रिंटरच नसेल तर रांग कोणाची सांभाळायची? तरीही अनेक वर्षे संगणक सुरू झाला की या साऱ्या सुरू होत आणि तो बंद होईपर्यंत मेमरी अडवून बसत. उपकरण जोडले की त्याची सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी आणि काढले की थांबावी, ही सोय लिनक्समध्ये आज दोन प्रोग्रॅम मिळून पुरवतात. उपकरण ओळखण्याचे काम यूडेव्हचे आणि सर्व्हिस चालवण्याचे सिस्टमडीचे. दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात घालण्याचे प्रयत्न आधी झाले होते आणि ते नीट चालले नाहीत.

युनिक्सच्या परंपरेत उपकरणेही फाइलींसारखीच दिसतात. डिस्क, ध्वनी, सीरियल पोर्ट यांच्या फाइली 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत असतात. पूर्वी या फाइली प्रणाली बसवतानाच बनवून ठेवत, मग ते उपकरण त्या संगणकाला कधी लागो वा न लागो. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये यूडेव्हची कल्पना मांडली, तेव्हा रेड हॅट ९ या लिनक्सच्या 'डेव्ह' डिरेक्टरीत १८ हजारांहून अधिक नोंदी असल्याचे त्यांनी दाखवले होते. त्यांतल्या बहुतेक नोंदींमागे खरे उपकरण नव्हतेच. सर्व्हिसेसचीही तीच तऱ्हा. 'सिस्टम फाइव्ह' नावाच्या जुन्या पद्धतीत क्रमांक लावलेल्या स्क्रिप्ट एकामागून एक चालत, आणि यादी संपली की संगणक तयार झाला असे मानले जाई. ज्या यंत्रात काही जोडायचे तर आधी वीज बंद करावी लागे, त्या यंत्राला ही पद्धत शोभून दिसत होती.

१९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली आणि हे गृहीतक मोडले. चालू संगणकाला उपकरण लावायचे आणि चालू असतानाच काढायचे, ही यूएसबीची मूळ प्रतिज्ञा. (तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी.) आता संगणकाला काय काय जोडलेले आहे, याचे उत्तर दर मिनिटाला बदलू शकत होते.

लिनक्सच्या २००१ सालच्या २.४ कर्नेलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, उपाय अगदी सरळ होता. कोणतेही उपकरण आले किंवा गेले की कर्नेल स्वतःच 'हॉटप्लग' नावाचा एक प्रोग्रॅम चालवी आणि घटनेचा तपशील त्याच्या हाती देई. घटना एकेकट्या आल्या तोवर ठीक चाले. पण एकदम पन्नास घटना आल्या की पन्नास प्रोग्रॅम एकाच वेळी सुटत, आणि त्यांतला कोणता आधी संपेल याचा नेम नसे. उपकरण काढल्याची बातमी ते जोडल्याच्या बातमीआधी हाताळली जाण्याचीही शक्यता होती. पुढे घटनांना अनुक्रमांक आले. कर्नेलने प्रोग्रॅम चालवणे सोडून नेटलिंक नावाच्या वाहिनीवर फक्त बातमी सोडायला सुरुवात केली. ती बातमी ऐकत बसणारा, क्रम पाळणारा एकच कायमचा प्रोग्रॅम म्हणजे यूडेव्ह. क्रोआ-हार्टमन आणि के सिव्हर्स यांनी तो वाढवला. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि सिव्हर्स यांनी सिस्टमडी आणला, आणि २०१२ मध्ये यूडेव्हचा सोर्स कोड त्यात सामावला गेला. या विलीनीकरणावर बरेच रण माजले. जेंटू लिनक्सच्या काही विकासकांनी तर 'ईयूडेव्ह' नावाने वेगळी चूल मांडली. पण मोठ्या वितरणांपैकी बहुतेकांनी सिस्टमडी स्वीकारला. डेबियनने आणि उबुंटूने २०१५ च्या आवृत्त्यांत तो मूळ व्यवस्था म्हणून घेतला.

उपकरण जोडल्या क्षणापासून पाहिले तर पहिला टप्पा निव्वळ विजेचा आहे. यूएसबी २ पर्यंतच्या उपकरणात एका डेटा तारेवर दीड किलोओहमचा रोधक बसवलेला असतो. प्लग आत गेला की त्या तारेवरचे व्होल्टेज वर जाते आणि हबला कोणीतरी आल्याचे कळते. संगणक थोडा थांबतो, कारण प्लग सरकवताना संपर्क थरथरतो. मग तो पोर्ट रीसेट करतो. या वेळी उपकरणाचा पत्ता शून्य असतो. संगणक त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो आणि त्याची ओळख विचारतो. उपकरण उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, असल्यास अनुक्रमांक आणि आपला वर्ग सांगते. वर्ग ७ म्हणजे प्रिंटर, ८ म्हणजे साठवण, ३ म्हणजे कीबोर्ड-माउससारखी माणसाच्या हातची साधने. उत्पादकाचा क्रमांक यूएसबीची मानके सांभाळणारी संस्था देते. अ‍ॅपलचा क्रमांक षोडशमान पद्धतीत ०५एसी असा आहे.

यानंतर कर्नेल नेटलिंकवर घटना जाहीर करते. काय घडले, कोणत्या गटातले उपकरण, आणि 'सिसएफएस' या आभासी फाइलव्यवस्थेत त्याची जागा कुठे, एवढा मजकूर तिच्यात असतो. एक उपकरण म्हणजे एक घटना, असे मात्र नाही. साधा पेन ड्राइव्ह लावला तरी आधी यूएसबी उपकरण येते, मग त्याचा इंटरफेस. त्या इंटरफेसला योग्य ड्रायव्हर यूडेव्हच्याच एका नियमामुळे चढतो. ड्रायव्हर चढला की डिस्क दिसते आणि डिस्क वाचली की तिची पार्टिशन दिसतात. प्रत्येक पायरीला स्वतंत्र घटना होते. नियम लिहिणाऱ्याने यांतली नेमकी पायरी धरली नाही, तर त्याचे काम एकदाऐवजी चार वेळा होते, किंवा डिस्क अजून दिसायचीच असताना होते. नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथेच उगवतात.

यूडेव्हचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. वितरणाबरोबर आलेले नियम 'यूएसआर'खालच्या डिरेक्टरीत आणि संगणकाच्या व्यवस्थापकाने लिहिलेले 'ईटीसी'खाली. सगळ्या फाइली नावांच्या क्रमाने एकत्र वाचल्या जातात, म्हणून त्यांची नावे दोन अंकांनी सुरू करण्याची रीत आहे. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर 'ईटीसी'मधली चालते आणि दुसरी गप्प बसते. प्रत्येक नियमाच्या एका ओळीत आधी अटी येतात आणि मग कृती. गट यूएसबी, उत्पादक अमुक, वस्तू तमुक, या अटी जुळल्या तर या उपकरणाला हे जास्तीचे नाव द्यावे, ही परवानगी द्यावी, हा गुणधर्म चिकटवावा. अटीसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहायचे आणि कृतीसाठी एकदा. एक चिन्ह कमी पडले की अटीची आज्ञा होते आणि नियम भलत्याच उपकरणांना लागू लागतो.

आता मुख्य प्रश्न. नियमातून थेट प्रोग्रॅमही चालवता येतो, त्यासाठी 'रन' ही कृती आहेच. मग तिथूनच सर्व्हिस का सुरू करू नये? पुष्कळांनी तसे केले आणि त्यांचा प्रोग्रॅम सुरू होऊन काही क्षणांत नाहीसा झाला. यात चूक काहीच नाही, यूडेव्हची शिस्तच तशी आहे. घटना हाताळून झाली की तिच्यातून निघालेल्या सगळ्या प्रक्रिया तो मारून टाकतो, मग त्या पार्श्वभूमीत ढकललेल्या असल्या तरी. चालू राहिलेला प्रोग्रॅम त्या उपकरणाच्या आणि त्यावर अवलंबून असलेल्या उपकरणांच्या पुढच्या घटना अडवून धरतो. एका घटनेला मूळ मुदत १८० सेकंदांची आहे. शिवाय यूडेव्ह बंदिस्त वातावरणात चालतो. तिथून नेटवर्कशी बोलता येत नाही, आणि तिथून माउंट केलेली डिस्क बाकीच्या प्रणालीला दिसत नाही. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनने आलेला माणूस ओळखून इंटरकॉमवर कळवावे, वर जाऊन पाहुण्यांना चहा करत बसू नये. तो वर गेला तर फाटकावर रांग लागते.

त्या इंटरकॉमची सोय दोन शब्दांत आहे. नियमात उपकरणाला 'सिस्टमडी' नावाचा टॅग लावायचा आणि 'सिस्टमडी वाँट्स' या गुणधर्मात हव्या त्या सर्व्हिसचे नाव लिहायचे. यूडेव्ह आपले काम संपवतो आणि सगळे गुणधर्म जोडलेली घटना पुन्हा प्रसारित करतो. सिस्टमडी ती ऐकतो, टॅग असलेल्या उपकरणासाठी 'डिव्हाइस' प्रकारचे एक युनिट (सिस्टमडी सांभाळतो त्या प्रत्येक गोष्टीच्या नोंदीला युनिट म्हणतात) उभे करतो आणि त्या युनिटला हवी असलेली सर्व्हिस सुरू करण्याचे काम स्वतःच्या रांगेत घालतो. आता ती सर्व्हिस इतर कोणत्याही सर्व्हिससारखीच आहे. तिची नोंद जर्नलमध्ये होते, ती पडली तर पुन्हा उभी करता येते, तिला किती मेमरी मिळावी हे ठरवता येते, आणि तिच्याआधी काय सुरू व्हायला हवे हेही सांगता येते. उपकरणाने केवळ गरज नोंदवली आणि ती कशी भागवायची ते सिस्टमडीने ठरवले. गरज आधीच भागलेली असेल, म्हणजे सर्व्हिस चालूच असेल, तर काहीच घडत नाही. दुसरा प्रिंटर जोडला म्हणून छपाईची दुसरी सर्व्हिस सुरू होत नाही.

आयफोनचे उदाहरण यासाठी चांगले आहे. लिनक्सवर आयफोनशी बोलण्यासाठी 'यूएसबीमक्सडी' नावाची सर्व्हिस लागते. एका तारेवरून फोनशी अनेक जोडण्या एकाच वेळी चालवण्याचे काम ती करते. तिच्याबरोबर येणारा यूडेव्हचा नियम अ‍ॅपलचा क्रमांक आणि फोन-टॅबलेटांच्या वस्तूक्रमांकांची मालिका तपासतो आणि ही सर्व्हिस मागतो. ज्यांनी आयुष्यात आयफोन जोडला नाही त्यांच्या संगणकावर ती सुरूच होत नाही. जीपीएस रिसीव्हर सांभाळणाऱ्या 'जीपीएसडी'ची रीत जराशी वेगळी. त्याचा नियम साच्यासारखे युनिट मागतो आणि साच्यात उपकरणाचे नाव भरतो, त्यामुळे प्रत्येक रिसीव्हरसाठी स्वतंत्र काम होते.

प्रिंटर, ब्लूटूथ, ध्वनी आणि स्मार्टकार्ड हे प्रकार इतके नेहमीचे आहेत की त्यांच्यासाठी सिस्टमडीने आधीच लक्ष्ये ठरवून ठेवली आहेत. यूएसबी प्रिंटर दिसला की 'प्रिंटर टार्गेट' गाठले जाते, ब्लूटूथचा अडॅप्टर दिसला की 'ब्लूटूथ टार्गेट'. छपाईची सर्व्हिस लिहिणाऱ्याला यूडेव्हचा नियम लिहावा लागत नाही. माझी सर्व्हिस या लक्ष्याबरोबर हवी, एवढे त्याने आपल्या युनिटमध्ये नमूद केले की पुरते. छपाईच्या 'कप्स'ला सुरू होण्याच्या आणखी वाटा आहेत. तिच्या सॉकेटवर कोणी बोलले किंवा रांगेच्या डिरेक्टरीत काम शिल्लक दिसले तरी ती जागी होते. उपकरण हे सर्व्हिस जागवण्याच्या अनेक कारणांपैकी एक, अशी ही मांडणी आहे.

उपकरण काढल्यावर काय, हा प्रश्न मागे राहतो आणि जास्त अवघड तोच आहे. 'वाँट्स' सुरुवात करून देते, शेवट करत नाही. तार उपटली तरी सर्व्हिस रिकाम्या जागेकडे पाहत चालू राहते. सर्व्हिसच्या युनिटमध्ये 'बाइंड्स टू' या ओळीने उपकरणाचे युनिट बांधले, तर उपकरण नाहीसे होताच सर्व्हिसही थांबते. याच्याजवळचा 'रिक्वायर्स' हा शब्द बऱ्याच जणांना पुरेसा वाटतो, पण आपोआप नाहीशा होणाऱ्या उपकरणाला तो पुरत नाही. अर्थात सर्व्हिस थांबली म्हणून डिस्कवर लिहायचा राहिलेला मजकूर परत मिळत नाही. उपकरण उपटले गेल्यावर निघालेली बातमी ही नेहमी मागाहूनचीच बातमी असते.

एक खोच सांगण्यासारखी आहे. बॅकअपची डिस्क जोडली की एकदा नक्कल करून संपणारी सर्व्हिस लिहायची, हा घरगुती वापरातला सगळ्यांत लोकप्रिय प्रयोग. त्या सर्व्हिसमध्ये काम संपल्यावरही चालूच समजावे अशी ओळ राहिली आणि ती डिस्कला बांधलेली नसली, तर पहिल्या दिवशी बॅकअप नीट होतो आणि दुसऱ्या दिवशी डिस्क लावल्यावर काहीच होत नाही. सिस्टमडीच्या लेखी ती सर्व्हिस कालपासून चालूच आहे. कसलीही चूक कुठेही नोंदली जात नाही, म्हणून ही अडचण सापडायला वेळ लागतो.

संगणक सुरू होताना जी उपकरणे आधीच जोडलेली असतात त्यांचे वेगळेच कोडे आहे. कर्नेलने त्यांच्या घटना जाहीर केल्या तेव्हा ऐकायला यूडेव्ह उठलेलाच नव्हता. म्हणून यूडेव्ह तयार झाल्यावर एक छोटी सर्व्हिस सिसएफएसमधल्या प्रत्येक उपकरणाला त्याची घटना पुन्हा जाहीर करायला लावते. सकाळपासून लावलेला प्रिंटर आणि आत्ता लावलेला प्रिंटर यांत मग नियमांना फरक दिसत नाही. सिस्टमडीने उभ्या केलेल्या उपकरणांच्या युनिटांवर डिस्कांचे माउंटही थांबून असते. माउंटच्या यादीत लिहिलेली एखादी डिस्क काढून ठेवलेली असेल, तर सुरू होताना पडदा दीड मिनिट अडकून राहतो, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांना आहे. ते ९० सेकंद म्हणजे उपकरणाच्या युनिटची वाट पाहण्याची मूळ मुदत. यादीतल्या त्या ओळीत 'नोफेल' लिहिले की डिस्कवाचून सुरुवात अडत नाही.

नावांच्या बाबतीत सावध राहावे लागते. कर्नेल उपकरणांना नावे ती येण्याच्या क्रमाने वाटते. आज ज्या डिस्कला 'एसडीबी' नाव मिळाले तिला उद्या 'एसडीसी' मिळू शकते. म्हणून नियमात अनुक्रमांक किंवा फाइलव्यवस्थेचा यूयूआयडी धरावा आणि यूडेव्हकडून कायमचे नाव देववावे. स्वस्त सीरियल अडॅप्टरांत अनुक्रमांक पुष्कळदा नसतोच. असे दोन एकसारखे अडॅप्टर लावले तर त्यांना वेगळे ओळखायला ते कोणत्या पोर्टमध्ये आहेत एवढीच खूण उरते, आणि मग पोर्टची अदलाबदल चालत नाही. तपासणीसाठी यूडेव्हबरोबर 'यूडेव्हएडीएम' नावाची आज्ञा येते. तिच्या 'मॉनिटर'मध्ये कर्नेलची मूळ घटना आणि यूडेव्हने हाताळलेली घटना वेगवेगळ्या ओळींवर दिसतात. 'इन्फो' उपकरणाचे आणि त्याच्या वरच्या पिढ्यांचे सगळे गुणधर्म छापते. नियमात उपकरणाच्या स्वतःच्या गुणधर्मांबरोबर वरच्या पिढ्यांतल्या एकाच पिढीचे गुणधर्म घेता येतात. वरच्या दोन पिढ्या मिसळल्या तर तो नियम कधीच जुळत नाही.

इतर प्रणालींनीही हाच रस्ता धरला. विंडोज ७ मध्ये उपकरण आल्यावर सुरू होणाऱ्या सर्व्हिसेसची सोय आली. मॅकमध्ये 'लाँचडी' हा व्यवस्थापक उपकरणाचे वर्णन जुळले की प्रोग्रॅम उठवू शकतो. उबुंटूच्या २००६ च्या आवृत्तीत आलेला 'अपस्टार्ट' तर सगळी सुरुवातच घटनांवर बेतणारा होता. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचे कर्नेल असले तरी यूडेव्ह नाही. तिथे कर्नेलच्या घटना ऐकून उपकरणांच्या फाइली बनवण्याचे काम 'यूइव्हेंटडी' करतो.

या सगळ्या व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे. उपकरण जे सांगते त्यावरच ओळख ठरते, आणि उपकरण खोटे बोलू शकते. उत्पादकाचा क्रमांक हा पुरावा नव्हे, तो केवळ दावा आहे. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत 'बॅडयूएसबी' दाखवला. पेन ड्राइव्हचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलून त्याने स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतले आणि तो संगणकाला आज्ञा टंकू लागला. ज्या नियमाने सर्वाधिकार असलेली सर्व्हिस सुरू होते, तो नियम फक्त उत्पादक आणि वस्तू यांच्या क्रमांकांवर टेकलेला असेल, तर ते क्रमांक उसने घेणारे कोणतेही उपकरण ती सर्व्हिस सुरू करू शकते. म्हणून अशा सर्व्हिसला कमीत कमी अधिकार द्यावेत आणि जोडलेल्या डिस्कवरचा कोणताही प्रोग्रॅम तिने चालवू नये. लिनक्सचे कर्नेल प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी परवानगीची एक खूणही ठेवते. 'यूएसबीगार्ड' हा प्रोग्रॅम तिचा वापर करून यादीबाहेरच्या उपकरणांना अडवतो. अडवलेल्या उपकरणाचे इंटरफेस तयारच होत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर चढत नाही आणि डिस्क किंवा कीबोर्ड दिसत नाही. यूएसबी उपकरण आल्याची पहिली घटना मात्र तेव्हाही जाहीर होते. नियम त्याच घटनेवर लिहिलेला असेल तर परवानगी नसतानाही सर्व्हिस सुरू होते, आणि इंटरफेसच्या किंवा डिस्कच्या घटनेवर लिहिलेला असेल तर होत नाही.